अपडेटनंतर मंदावलेलं हिशेबाचं मशीन: गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण जानेवारी २०१८ मधलं आहे. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशिनिंगचा एक मध्यम कारखाना आहे. फाउंड्रीतून कच्चं कास्टिंग येतं, इथं त्याचं बोअरिंग, मिलिंग, ड्रिलिंग होतं आणि तयार माल पुण्याकडे जातो. थोडा माल कंटेनरनं परदेशीही जातो. कारखान्याची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत. तिथल्या कॉम्प्युटरच्या देखभालीचं काम वार्षिक करारानं माझ्याकडे होतं.

ऑफिसात दहाएक कॉम्प्युटर. हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. सगळा डेटा एका मशीनवर आणि बाकीचे नेटवर्कवरून त्याच फोल्डरमध्ये काम करायचे. त्या मशीनला सगळे ‘सर्व्हर’ म्हणायचे. प्रत्यक्षात तो तिसऱ्या पिढीचा कोअर आय ५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेला साधा डेस्कटॉप होता. त्यावर विंडोज ७ प्रोफेशनल, ६४ बिट. आपल्याकडच्या बहुतेक लहान ऑफिसांत सर्व्हर म्हणजे असंच मशीन असतं.

दुसरी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. मुख्य अकाउंटंट, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते याच मशीनवर बसायचे. टॅलीच्या एन्ट्र्या, ई-मेल, जीएसटीचं पोर्टल, बँकेचं नेटबँकिंग, सगळं तिथूनच.

वेळही नाजूक होती. जीएसटी लागू होऊन सहा महिने झालेले. डिसेंबरचं ३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, २० जानेवारीपर्यंत भरायचं होतं. १६ जानेवारीपासून ई-वे बिलाची, म्हणजे माल पाठवताना ऑनलाइन काढायच्या कागदाची, चाचणी सुरू झाली होती आणि १ फेब्रुवारीपासून ते सक्तीचं होणार असं जाहीर झालं होतं. गेटवर टेम्पो उभा, बिल निघत नाही, आणि ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी खिडकीशी येतोय, अशी परिस्थिती रोजची झाली होती.

तक्रार काय होती

फोन अण्णांचा आला. “कालपातूर बरं चाललं होतं की. रात्री अपडेट घेतलं न् सकाळपासनं मशीन निस्तं गुरगुर करायलंय. ते अपडेट काढून टाका बघू आधी.”

जाऊन पाहिलं तर तक्रार खरी होती. टॅलीतली स्टॉक समरी, म्हणजे मालाच्या साठ्याचा गोषवारा, उघडायला मिनिटाच्या वर वेळ लागत होता. व्हाउचर सेव्ह केल्यावर कर्सर अडकून राहायचा. बिलिंगच्या मशीनवर तर एका बिलाला इतका वेळ जात होता की तिथल्या मुलीनं हातानं चलन लिहायला सुरुवात केली होती. ड्रॉइंगच्या मशीनवर काम करणाऱ्या इंजिनियरला मात्र काहीच फरक जाणवत नव्हता.

आणि स्टोअरचं मशीन ठणठणीत चालत होतं. बिलिंगचं आणि स्टोअरचं मशीन एकाच वेळी घेतलेली, एकाच बनावटीची, दोन्हीवर विंडोज ७. एकाच सर्व्हरवरचा तोच डेटा स्टोअरवर झटकन उघडायचा आणि बिलिंगवर रखडायचा. अण्णांनी बोट त्याकडेच दाखवलं: त्या मशीनवर अपडेट गेलं नाही म्हणून ते बरं आहे.

तपासलं तर ते बरोबर निघालं. स्टोअरच्या मशीनवर जानेवारीचं अपडेट आलंच नव्हतं. पण का आलं नव्हतं, ते कळल्यावर चित्र बदललं.

त्या अपडेटमध्ये काय होतं

३ जानेवारी २०१८ रोजी प्रोसेसरमधल्या दोन दोषांची माहिती जगजाहीर झाली: मेल्टडाउन आणि स्पेक्टर. आजकालचे प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढची कामं आधीच करून ठेवतात. परवानगी आहे की नाही याचा निकाल नंतर लागतो, आणि परवानगी नसेल तर केलेलं काम टाकून दिलं जातं. पण त्याची खूण प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या छोट्या जलद मेमरीत, उरते. त्या खुणेवरून एखादा साधा प्रोग्रॅम विंडोजच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची मेमरी वाचू शकतो, हे मेल्टडाउननं दाखवून दिलं. त्या मेमरीत पासवर्डही असू शकतात. इंटेलचे बहुतेक प्रोसेसर यात सापडले.

प्रोसेसर बदलणं कोणालाच शक्य नव्हतं. म्हणून उपाय विंडोजमध्ये करावा लागला. पूर्वी प्रोग्रॅम चालू असतानाही कर्नलच्या मेमरीचा नकाशा त्याच्या शेजारीच मांडलेला असायचा, फक्त वापरायला मनाई असायची. नव्या उपायात दोघांचे नकाशे वेगळे केले. दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये नुसता पडदा होता, तिथं आता कुलपाचं दार बसवलं, असं मी मालकांना सांगितलं. माल सुरक्षित झाला, पण प्रत्येक फेरीला कुलूप उघडायचं आणि लावायचं.

आता कोणाचं काम किती मंदावणार, हे फेऱ्यांवर ठरतं. फाइल उघडणं, डिस्कवरून वाचणं, नेटवर्कवर पाठवणं, या प्रत्येकासाठी प्रोग्रॅमला कर्नलकडे जावं लागतं. टॅलीसारखं काम म्हणजे हजारो छोट्या छोट्या फेऱ्या. ड्रॉइंगचा प्रोग्रॅम एकदा फाइल मेमरीत घेतो आणि मग बराच वेळ नुसती गणितं करत बसतो. इंजिनियरला फरक का जाणवला नाही, त्याचं उत्तर इथं आहे.

प्रोसेसरच्या वयाचाही भाग होता. चौथ्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरांत हा नकाशाबदल स्वस्तात करण्याची जास्त चांगली सोय आहे. तिसऱ्या पिढीत ती अपुरी आहे. मायक्रोसॉफ्टनं ९ जानेवारीला स्वतःच सांगितलं होतं की नव्या प्रोसेसरवर विंडोज १० असेल तर बहुतेकांना फरक कळणार नाही, पण जुन्या प्रोसेसरवर विंडोज ७ किंवा ८ असेल तर बहुतेकांना मंदपणा जाणवेल. आमचा सर्व्हर नेमका या दुसऱ्या गटात होता.

आता स्टोअरचं मशीन. काही अँटीव्हायरस कर्नलमध्ये अशा रीतीनं हात घालत होते की हे अपडेट बसताच मशीन निळ्या पडद्यावर पडायचं. म्हणून मायक्रोसॉफ्टनं अट घातली होती: अँटीव्हायरसनं ‘मी सुसंगत आहे’ अशी खूण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, टाकल्याशिवाय अपडेट द्यायचंच नाही. स्टोअरच्या मशीनवरच्या अँटीव्हायरसची मुदत संपून बरेच महिने झाले होते. त्यानं खूण टाकली नाही, अपडेट आलं नाही. ऑफिसातलं सगळ्यात चपळ मशीन हेच सगळ्यात उघडं मशीन होतं.

दोष कोणाचा, हे वेगळं करणं

इथं पहिला निर्णयाचा टप्पा होता. अण्णांचं म्हणणं सरळ होतं: दोन सारखी मशीनं, एकावर अपडेट आहे ते मंद, एकावर नाही ते जलद, मग दोष अपडेटचा. ऐकायला पटणारं होतं. पण या दोन मशीनांत फरक एक नव्हता, दोन होते. बिलिंगच्या मशीनवर जानेवारीचं अपडेट होतं आणि अँटीव्हायरसची नवी आवृत्तीही होती, जी ती खूण टाकण्यासाठीच त्याच आठवड्यात आपोआप आली होती. स्टोअरवर दोन्ही नव्हतं. मंदपणा कोणत्या फरकाचा, हे नुसत्या तुलनेवरून सांगता येत नव्हतं.

शिवाय पहिल्या दिवसाच्या मंदपणावर लगेच भरवसा ठेवू नये. मोठ्या अपडेटनंतर विंडोज मागे बराच वेळ आवराआवर करत असतं. टास्क मॅनेजरमध्ये एमएससीओआरएसव्हीडब्ल्यू नावाची प्रक्रिया प्रोसेसर खाताना दिसली. ती डॉट नेटच्या, म्हणजे बरेच प्रोग्रॅम ज्याच्या आधारानं चालतात त्या विंडोजच्या भागाच्या, अपडेटनंतर प्रोग्रॅम नव्यानं तयार करून ठेवते आणि काम संपलं की आपोआप थांबते. म्हणून त्या रात्री मशीन चालूच ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती प्रक्रिया गेली होती, हार्ड डिस्कचा दिवाही पूर्वीसारखा सतत जळत नव्हता, पण टॅली मंदच होतं. म्हणजे खरं कारण अजून शिल्लक होतं.

मग जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात दुसरं कोणी काम करत नसताना, बिलिंगच्या मशीनवर मोजमाप केलं. तीच कंपनी, तोच कालावधी, तीच स्टॉक समरी, आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. दर वेळी मशीन पुन्हा सुरू करून, एकच काम परत परत. मेल्टडाउनचं संरक्षण अपडेट न काढताही बंद करता येतं. मायक्रोसॉफ्टनंच त्यासाठी रजिस्ट्रीतल्या दोन नोंदी जाहीर केल्या होत्या. अमेरिकेतले सॉफ्टवेअर तज्ज्ञ स्टीव्ह गिब्सन यांनी त्याच महिन्यात ‘इन्स्पेक्टर’ नावाचं छोटं मोफत साधन काढलं होतं, त्यात तर एका बटणावर ते चालू-बंद होतं. सध्या काय स्थिती आहे, तेही ते सांगतं. आमच्या सर्व्हरवर त्यानं मेल्टडाउनपासून संरक्षण आहे, स्पेक्टरपासून नाही, आणि वेग कमी झालेला आहे, असं दाखवलं. स्पेक्टरच्या एका प्रकारासाठी बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमचं, अपडेट लागत होतं आणि त्या जुन्या बोर्डाला ते आलेलं नव्हतं.

आकडे साधारण असे आले. सगळं आहे तसं ठेवून सत्तर सेकंदांच्या आसपास. फक्त मेल्टडाउनचं संरक्षण बंद केलं तर पंचावन्न. संरक्षण चालू ठेवून अँटीव्हायरसला टॅलीचा डेटा फोल्डर तपासू नको असं सांगितलं तर पस्तीस. दोन्ही केलं तर पंचवीस, म्हणजे स्टोअरच्या मशीनच्या जवळपास.

हे आकडे पाहून अण्णा बराच वेळ गप्प राहिले. अपडेटचा वाटा होता, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. पण मोठा वाटा अँटीव्हायरसच्या नव्या आवृत्तीचा होता. जुनी आवृत्ती नेटवर्कवरच्या फाइलींकडे फारसं बघत नसे. नवी आवृत्ती टॅलीनं उघडलेली प्रत्येक फाइल दर वेळी तपासत होती. सर्व्हर आपल्या बाजूनं तपासायचा, बिलिंगचं मशीन आपल्या बाजूनं पुन्हा तपासायचं. त्यात, अँटीव्हायरस जेव्हा फाइल अडवून तपासतो तेव्हा तोही कर्नलमधून बाहेर आणि बाहेरून आत ये-जा करतो. प्रत्येक ये-जा आता महाग झालेली. दोन कारणं एकमेकांना मोठं करत होती. अपडेट न येता नुसता अँटीव्हायरस बदलला असता तर कदाचित कोणी फोनही केला नसता.

समोरचे पर्याय

मालकांच्या केबिनमध्ये बसून हे पर्याय मांडले. ते दादा म्हणून ओळखले जातात. तांत्रिक बोलणं ते ऐकून घेतात, पण शेवटी विचारतात, “म्हणजे माझं काय अडणार, ते सांगा.”

अपडेट काढून टाकायचं, हा अण्णांचा आग्रह. करायला अगदी सोपं. पण ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ ची मासिक अपडेट एकत्रित गठ्ठ्यानं येत होती. जानेवारीचा गठ्ठा काढला तरी फेब्रुवारीच्या गठ्ठ्यात तेच पुन्हा येणार. ते टाळायचं तर फेब्रुवारीचंही घ्यायचं नाही, मार्चचंही नाही. म्हणजे एका दोषाचा उपाय नको म्हणून पुढच्या सगळ्या दोषांना दार उघडं. दादांना याचा अर्थ लगेच कळला, कारण जून २०१७ ची गोष्ट ते विसरले नव्हते. नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमनं तेव्हा मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प केलं होतं आणि निर्यात करणाऱ्यांचे कंटेनर रखडले होते. तो पसरायला ज्या फटीचा उपयोग झाला, तिचं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं. मे महिन्यातला वॉनाक्राय हा घातक प्रोग्रॅमही त्याच फटीतून शिरला होता.

अपडेट ठेवायचं, पण मेल्टडाउनचं संरक्षण रजिस्ट्रीतून बंद ठेवायचं, हा दुसरा पर्याय. बाकीची दुरुस्ती मिळत राहते, वेगही थोडा परत येतो. धोका किती, हे त्या मशीनवर काय चालतं यावर अवलंबून. या दोषाचा फायदा घ्यायला हल्लेखोराचा प्रोग्रॅम त्या मशीनवर चालावा लागतो, मग तो मेलमधून आलेल्या फाइलीतून येवो की वेबपानातून. जे मशीन फक्त डेटा सांभाळतं, जिथं ब्राउझर नाही, मेल नाही, पेन ड्राइव्ह नाही, तिथं हा धोका बराच कमी. पण आमच्या सर्व्हरवर अण्णा नेटबँकिंग करत होते. कंपनीच्या करंट खात्याचा पासवर्ड रोज ज्या मशीनच्या मेमरीत येतो, त्याच मशीनचं संरक्षण बंद करायचं, हे मला मान्य नव्हतं, आणि मी ते स्पष्ट सांगितलं.

तिसरा पर्याय अँटीव्हायरसला डेटा फोल्डर वगळायला सांगण्याचा. मोजमापात सगळ्यात जास्त फायदा यातच दिसला होता. हीसुद्धा एक सूटच आहे, त्यामुळे ती आखून द्यायला हवी होती. अख्खी ड्राइव्ह नाही, अख्खा टॅलीचा फोल्डरही नाही. फक्त डेटाच्या फोल्डरमधल्या, ज्यांचा शेवट डॉट ९०० असा आहे, त्या फाइली. त्यांत चालणारा प्रोग्रॅम नसतो. रात्री पूर्ण तपासणी होईलच, आणि रोजचा बॅकअप अशा डिस्कवर जी नंतर काढून कपाटात जाईल.

चौथा पर्याय पैशांचा: सर्व्हरला फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी जलद डिस्क, बसवायची, किंवा नवीनच मशीन घ्यायचं. नवीन मशीनला दादांनी त्या तिमाहीत नकार दिला. एका सीएनसी मशीनचं स्पिंडल नुकतंच दुरुस्त करून घेतलं होतं, पैसे तिथं गेले होते. एसएसडीला ते तयार झाले. एसएसडीनं ते कुलूप उघडायला लागणारा वेळ कमी होत नाही, पण डिस्कची वाट बघण्यात जाणारा वेळ इतका वाचतो की एकूण हिशेबात मशीन पूर्वीपेक्षा जलद होतं.

‘काहीच करू नका, लोकांना सवय होईल’ हाही पर्याय कोणीतरी बोलून दाखवला. गेटवरचा टेम्पो बघता तो विचारात घेण्यासारखा नव्हता.

काय केलं

त्याच संध्याकाळी अँटीव्हायरसमधली सूट सर्व्हरवर आणि टॅली वापरणाऱ्या सगळ्या मशीनांवर टाकली. दुसऱ्या दिवशी बिलिंगवरचा हाताचा चलनबुक बंद झाला.

मग अण्णांची जागा बदलली. प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग हाच होता. अनेक वर्षांची बसायची जागा, ड्रॉवरमधल्या चाव्या, स्क्रीनच्या कडेला चिकटवलेले फोन नंबर, डेस्कटॉपवर बापूजींच्या फोटोभोवती पसरलेल्या एक्सेलच्या फाइली. मशीन बदलायचं म्हणजे त्यांना वाटलं, आपल्याकडून काहीतरी काढून घेताहेत. दादांनी स्वतः येऊन सांगितलं की अण्णा, तुमच्यासाठी हे जलद मशीन देतोय, जुनं फक्त डेटाला ठेवतोय. त्यांची एकूणएक फाइल त्याच मांडणीत नव्या जागी आणली, चिठ्ठ्यासुद्धा त्याच क्रमानं लावल्या. मग ते बसले. सर्व्हर कोपऱ्यात सरकला, त्याचा मॉनिटरही काढला.

दुसरा अवघड निर्णय इथं आला. २० तारीख तोंडावर होती, एसएसडी यायला वेळ होता, आणि दादांना थोडाही वेग सोडायचा नव्हता. सर्व्हर आता रिकामा होता: ब्राउझर नाही, मेल नाही. तेव्हा फक्त सर्व्हरवर, फक्त एसएसडी बसेपर्यंत, मेल्टडाउनचं संरक्षण बंद करायला मी होकार दिला. अट एकच घातली की हे लपून राहता कामा नये. कॅबिनेटवर कागद चिकटवला: संरक्षण बंद आहे, कोणत्या तारखेपासून, कोणी सांगितलं, कधी चालू करायचं. खाली दादांची सही. अशा तात्पुरत्या गोष्टी विसरल्या जातात आणि वर्षानुवर्षं तशाच राहतात, हे मी इतर ऑफिसांत पाहिलं आहे.

एसएसडी आल्यावर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी डिस्कची नक्कल करून बसवली, संरक्षण चालू केलं, पुन्हा मोजलं. स्टॉक समरी संरक्षणासकट वीस सेकंदांच्या आत आली. कागद काढून टाकला.

स्टोअरच्या मशीनवर अँटीव्हायरसचं नूतनीकरण केलं आणि अपडेट येऊ दिलं. स्टोअरवाल्यानं कुरकुर केली, कारण त्याचं मशीन थोडं मंदावलं.

ड्रॉइंगच्या मशीनचा निर्णय वेगळ्या दिशेनं होता. ते चौथ्या पिढीचं, ब्रँडेड मशीन. त्याला बायोसचं नवं अपडेट उपलब्ध झालं होतं आणि इंजिनियर ते लगेच घ्यायला उत्सुक होता. मी थांबायला सांगितलं. विंडोजचं अपडेट काढता येतं, बायोस बिघडला तर मशीनच उभं राहत नाही, आणि त्या महिन्यात सगळेच घाईघाईनं दुरुस्त्या काढत होते. २२ जानेवारीला इंटेलनंच सांगितलं की ते अपडेट सध्या बसवू नका, कारण चौथ्या आणि पाचव्या पिढीची मशीनं त्यानं अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होत होती.

परिणाम

३बी वेळेत गेलं. ई-वे बिलाची सक्ती १ फेब्रुवारीला पोर्टलच कोलमडल्यामुळे पुढे ढकलली गेली. ऑफिसात तोवर एका डिस्पॅचची एन्ट्री आणि बिल मिळून लागणारा वेळ डिसेंबरपेक्षा कमी झाला होता, याचं श्रेय मुख्यतः एसएसडीचं.

अपडेट चालू ठेवण्याच्या निर्णयाची खरी किंमत मार्चअखेर कळली. स्वीडनचे सुरक्षा संशोधक उल्फ फ्रिस्क यांनी दाखवून दिलं की ६४ बिट विंडोज ७ साठीच्या जानेवारीच्या अपडेटमध्येच एक चूक राहिली होती, आणि तिच्यामुळे कोणताही प्रोग्रॅम कर्नलची मेमरी नुसती वाचूच नव्हे तर बदलूही शकत होता. मूळ दोषापेक्षा हे वाईट. त्याची दुरुस्ती २९ मार्चला आली. आमच्या मशीनांवर ती नेहमीच्या क्रमानं बसली. जानेवारीत वैतागून ज्यांनी पुढची सगळी अपडेट बंद करून टाकली, त्यांच्याकडे जानेवारीचं मंद अपडेट राहिलं, त्यातली चूक राहिली, आणि दुरुस्ती मात्र आली नाही. अशी ऑफिसं मी नंतर पाहिली. त्यांना वाटत होतं की आपण जैसे थे आहोत.

जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टकडचा आधार (सपोर्ट) संपण्याआधी कारखान्यानं सर्व्हर बदलला.

वेगळं काय करता आलं असतं

आधीचा वेग कोणाकडेच लिहिलेला नव्हता. ‘आधी झटकन व्हायचं’ यापलीकडे काही सांगता येत नव्हतं, म्हणून स्टोअरच्या मशीनचा आकडा जुन्या वेगाच्या जागी धरावा लागला, आणि ते मशीन अगदी तंतोतंत सारखं नव्हतं. आता ज्या ज्या ऑफिसात जातो तिथं ठरावीक चार कामांचे आकडे वहीत ठेवतो: मशीन सुरू व्हायला किती, स्टॉक समरीला किती, एक व्हाउचर सेव्ह व्हायला किती, बारीक फाइलींचा एक ठरलेला फोल्डर कॉपी व्हायला किती. अपडेटच्या आधी आणि नंतर दोन दिवसांनी.

सगळ्या मशीनांना एकाच रात्री अपडेट घेऊ देणं टाळता आलं असतं. एका कमी महत्त्वाच्या मशीनवर आधी, मग बाकीच्यांवर, आणि महिन्याच्या १५ ते २० तारखेच्या दरम्यान सर्व्हरला हात लावायचा नाही. लहान ऑफिसात हे जमतं, फक्त कोणीतरी ठरवावं लागतं. ते ‘कोणीतरी’ म्हणजे देखभाल करणारा माणूसच. मालक हे ठरवणार नाहीत, अकाउंटंटला तेवढी फुरसत नाही.

आणि तो कागद. संरक्षण बंद असलेल्या त्या दिवसांत एकदा अण्णांच्या नव्या मशीनचं इंटरनेट गेलं. सहायक मुलानं दुसरा मॉनिटर आणून सर्व्हरला जोडला, इंटरनेट एक्सप्लोरर उघडला आणि जीएसटीच्या पोर्टलवर लॉगइन केलं. कागद त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याचं काम अडलं होतं, त्यानं मार्ग काढला, यात त्याला दोष देता येत नाही. नुकसान काही झालं नाही. पण सर्व्हरवर इंटरनेट मुळात पोचायलाच नको होतं. नेटवर्कच्या सेटिंगमधला गेटवेचा, म्हणजे इंटरनेटकडे जाण्याच्या वाटेचा, पत्ता काढला असता तर टॅली आतल्या नेटवर्कवर तसंच चाललं असतं आणि बाहेरचं काही उघडलं नसतं. अपडेटसाठी महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, गेटवे परत घालून नंतर काढता येतो. अँटीव्हायरसची रोजची माहिती दुसऱ्या मशीनवरून देता येते. एसएसडी बसल्यावर तेच केलं, संरक्षण चालू असतानाही.

संरक्षण थोडे दिवस बंद ठेवायला होकार देणं योग्य होतं का, यावर माझं मत असं आहे: गेटवे काढलेला असता तर हो. जसं केलं तसं, नुसत्या कागदावर, नाही. फक्त सूट आणि एसएसडी एवढ्यावर भागलं असतं. मधले काही दिवस स्टॉक समरीला दहाएक सेकंद जास्त लागले असते, आणि टेम्पोवाल्याला ते कळलंही नसतं.